पाकट (वाळूत लपणारा चपटा मासा, स्टिंगरे) आणि बेडूकतोंड्या (फ्रॉगमाउथ हा रातपक्षी), दोन्ही लपण्यात पटाईत, मग यातलं भारी कोण?

पाकट. विषय संपला. मी पाकटावर पाय दिलेला माणूस आहे म्हणून सांगतोय.

नववीत असताना मे महिन्यात आजोळी, मालवणजवळ, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला पोरांबरोबर मीपण पाण्यात उतरलेलो. गुडघाभर पाणी, खाली वाळू, शपथेवर सांगतो नुसती वाळू होती, आणि घोट्याजवळ सपकन काहीतरी बसलं. ते वाळू अंगावर ओढून घेतं, उघडे फक्त डोळे आणि त्यामागची दोन भोकं, तोंड खाली गाडलेलं असतं ना, मग श्वासाचं पाणी त्या भोकांतून. शेपटीचा काटा करवतीसारखा, बाहेर येताना मांस घेऊन येतो, शिवाय विष. मी गुरासारखा ओरडतोय आणि रापणीतला एक म्हातारा म्हणाला, ‘झिलाचो पाय ऊन पाण्यात बुडवा.’ मामा म्हणाले, ‘काय नको, हळद-चुनो लावा.’ लावला. रात्रभर तळमळलो. पुढे कळलं की ते विष उष्णतेने निकामी होतं, सोसेल इतक्या गरम, 45 डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात तास-दीड तास पाय ठेवायचा, हाच पहिला उपाय. मामा अजून सांगत फिरतात की हळदीनेच बरा झाला आणि पाकट म्हणे अंगावर धावून येतं. नाही हो मामा, मीच त्याच्यावर चढलो होतो.

राहिला बेडूकतोंड्या. सिंधुदुर्गातल्या तिल्लारीच्या जंगलात पाहिलाय, जेमतेम 23 सेंटिमीटर, राखाडी नर आणि तांबूस मादी चिकटून बसलेली, गाईड बोट दाखवतोय तरी मला पाच मिनिटं वाळकी पानंच दिसत होती. चोच वर, डोळे मिटलेले, ढिम्म. एकच अंडं, दिवसा त्यावर नर बसतो, पिल्लू उडालं की घरटं स्वतःच मोडतो, कौतुक आहेच. पण लपणं फसलं तर पुढे काय? पाकटाकडे काटा आहे.

म्हणजे नुसतं दिसण्यावर मार्क द्यायचे तर पक्षी जिंकेल कदाचित, हे मान्य. (त्याच्यावर फ्लॅश मारू नका प्लीज.)

उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, पाकट आपणहून सटकतं. आणि काटा लागलाच तर गरम पाणी म्हणजे उकळतं नाही. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, त्यामुळे डॉक्टरला दाखवायचंच, छातीत-पोटात लागला तर पाणी तापवत न बसता थेट हॉस्पिटल. मामांना फोन नंतर.