भिंतीवरची पुराची रेघ आणि हेगचं कोर्ट

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही आठ-नऊ जण हवामान बदलाच्या धोरणावर अभ्यास करतोय, दोन निवेदनंही दिली. एका ऑफिसात सरळ सांगितलं, आधी डिग्री घ्या मग धोरण शिकवा. आमच्या घरात २०१९ च्या महापुराची रेघ भिंतीवर अजून आहे, रंग दिला तरी पावसाळ्यात वर येते, त्यामुळे गप्प बसवत नाही. पण विद्यार्थ्यांच्या अभ्यासाने खरंच कधी काही हललंय का?

उत्तर : हललंय गं, आणि तेही लॉच्याच पोरांनी हलवलंय! पॅसिफिक महासागरात वानुआतू म्हणून छोटा बेटांचा देश आहे, लोकसंख्या जेमतेम तीन लाख, तिथे पोर्ट व्हिलाला युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिकचा लॉ कॅम्पस आहे. २०१९ मध्ये तिथल्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासातून ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. आता तिथे विद्यार्थ्याला काय, कुठल्याही माणसाला जाता येत नाही, सल्लागार मत मागायचं तर ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसारख्या अधिकार असलेल्या संस्थेनेच मागावं लागतं. मग त्यांनी काय केलं, पॅसिफिकमधल्या सरकारांना पत्रं लिहिली, वानुआतूने मनावर घेतलं आणि पुढे देशामागून देश जोडत गेले. मार्च २०२३ च्या सुरुवातीला वानुआतूला दोन-तीन दिवसांच्या अंतराने ज्यूडी आणि केव्हिन अशी दोन चक्रीवादळं धडकली, घरं उडाली, आणि त्याच महिन्यात २९ तारखेला आमसभेत हे मत मागण्याचा ठराव आला. शंभरावर देश सोबत होते, मतदानाचीही गरज पडली नाही. हे वाचताना मला अजूनही भरून येतं.

२३ जुलै २०२५ ला कोर्टाचं मत आलं, एकमताने. हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, ती मोडली तर नुकसानभरपाईपर्यंत विषय जाऊ शकतो. (बेंचवर आपले न्या. दलवीर भंडारीही होते, जे आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते.) हे मत बंधनकारक नाही हे खरंय, पण जगभरातले वकील आता ते हातात धरून उभे राहू शकतात.

मला त्यांच्याकडून सगळ्यात जास्त आवडलं ते हे की त्यांनी प्रश्न नेमका केला, आणि तो उचलून पुढे नेईल असं माणूस शोधलं. तुमची निवेदनं मी वाचलेली नाहीत पण "पर्यावरण वाचवा" असं असेल तर साहेब ते फायलीत घालणारच ना.

तुमच्याकडे प्रश्न तर भिंतीवरच आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. मग पंचगंगेची निळी आणि लाल पूररेषा घ्या (निळीच्या आत बांधकामाला मनाई असते, निळी ते लाल या पट्ट्यात निर्बंध) आणि एवढंच विचारा की २०१९ नंतर निळ्या रेषेच्या आत किती बांधकामांना परवानगी दिली. माहिती अधिकाराचा अर्ज ग्रुपच्या नावाने करू नका, एखाद्या व्यक्तीच्या नावाने करा, विषय एकच ठेवा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आकडे हातात आले की नकाशावर टाका आणि आमदारांकडे जा, विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, लावा म्हणावं. सोबत सुप्रीम कोर्टाचा मार्च २०२४ चा रणजितसिंह खटल्यातला निकाल जोडा, त्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे असं म्हटलंय.

आणि हो, त्या रेघेचा फोटो पट्टी लावून काढून ठेव, उंची दिसेल असा, पुढच्या रंगकामाच्या आधी.