'वरिष्ठ' सभागृह नक्की कोणतं?

प्रश्न असा आहे: राज्यसभा वरिष्ठ सभागृह आणि लोकसभा कनिष्ठ, मग धन विधेयकावर, म्हणजे सरकारी कर-खर्चाच्या विधेयकावर, लोकसभाच वरचढ कशी? शब्द चुकलाय की आपली समजूत?

दोन्ही. परवा टीव्हीवर एक निवेदिका सांगत होत्या, 'आता विधेयक वरच्या सभागृहात जाईल,' आणि बोट छताकडे! विधेयक जणू जिना चढून जातं. पुढं त्यांनी 'वरिष्ठतम'ही वापरला. अहो, 'इष्ठ' हा संस्कृत प्रत्यय लागला की 'सर्वांत' आलंच. त्यावर 'तम' म्हणजे टोपीवर पगडी.

हुद्द्यानं मोठा तो वरिष्ठ, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक आहे, ते सोडू. गंमत पुढं आहे. आपला मराठी 'वर' आला 'उपरि'वरून. बोहल्यावरचा 'वर' आला 'वृ'वरून, म्हणजे निवडलेला. 'वरिष्ठ' या दोघांच्याही घरचा नव्हे! 'उरु' म्हणजे रुंद, विस्तीर्ण. पाणिनी सांगतो की 'इष्ठ' लागताना त्याचा 'वर्' होतो. पृथ्वीला उर्वी म्हणतात तो याच उरुचा स्त्रीलिंगी अवतार. म्हणजे वरिष्ठ कोण, तर सगळ्यांत ऐसपैस. काही कोश 'वर म्हणजे श्रेष्ठ, त्यावरून वरिष्ठ' अशी वेगळी नोंद करतात. मला ती सोय वाटते. 'मोठा माणूस' म्हणताना आपण तरी कुठं त्याची कंबर मोजतो? रुंदीतूनच थोरवी आली, दुसरा शब्द कशाला हवा?

कनिष्ठातला 'कन्' तरुणालाही लागतो आणि अल्पालाही. कन्या याच गोतातली, आणि हाताची करंगळी म्हणजे कनिष्ठिका. आता मोजा: लोकसभेत ५४३ जागा, राज्यसभेत २४५. ऐसपैस कोण आणि करंगळी कोण? राज्यसभेची थोडी लाज राखते ती वयाची अट. तिथं ३० वर्षं पूर्ण लागतात, लोकसभेला २५ पुरतात.

शिवाय तुलना दोघांतच असेल तर संस्कृतात 'ईयस्' हवा: वरीयसी सभा, कनीयसी सभा. माझा संशय असा की, 'अप्पर हाउस'ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याच्या कानाला 'वरिष्ठ'मध्ये आपला घरगुती 'वर' ऐकू आला आणि तो तिथंच फसला. कागदोपत्री पुरावा मागू नका.

हां, मूळ प्रश्न. संविधानानं कुणालाच वरिष्ठ-कनिष्ठ म्हटलेलं नाही. धन विधेयक राज्यसभेनं १४ दिवसांत परत करायचं. तिच्या शिफारशी घ्यायच्या की नाही, ते लोकसभा ठरवते. मंत्रिमंडळही लोकसभेलाच जबाबदार. साध्या विधेयकावर अडलं तर संयुक्त बैठक, अध्यक्ष लोकसभेचे, आणि डोकी मोजायची. तिथं उरु जिंकणारच. १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदाच ही वेळ आली. २००२ साली राज्यसभेनं फेटाळलेला 'पोटा' हा दहशतवादविरोधी कायदा असाच मंजूर झाला. पण घटनादुरुस्तीसाठी संयुक्त बैठकच नाही. तिथं करंगळी अडून बसली की बसली. राज्यसूचीतल्या, म्हणजे एरवी राज्यांच्या अखत्यारीतल्या, विषयावर संसदेनं राष्ट्रहितासाठी कायदा करावा असा ठराव, किंवा नव्या अखिल भारतीय सेवेला वाट, हे तर राज्यसभाच दोन तृतीयांश मतांनी करून देते. लोकसभेत त्यावर मतदान नसतं.

'वरचढ' मात्र प्रश्नकर्त्यानं अचूक वापरलाय. त्यातला 'वर' खरोखरच 'उपरि'चा आहे.