सोसायटीतले चिनी कॅमेरे, देशाची सुरक्षा आणि आमचा धंदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीत १६ चिनी सीसीटीव्ही कॅमेरे आहेत. कमिटीतले एक सदस्य म्हणतात की हे देशाच्या सुरक्षेला घातक आहेत, सगळे काढून टाका. त्यांच्याच ओळखीतून पावणेतीन लाखांचं कोटेशनही आलंय. धोका खरा की कुणाचा तरी धंदा, हे या व्यवसायातल्या माणसाने सांगावं.

सांगतो. पण मीही कॅमेरेच विकतो, तेव्हा माझं म्हणणंही तपासून घ्या. पुण्याजवळ भोसरीत माझं छोटं युनिट आहे, अकरा माणसं. २००९ साली पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, म्हणजे तपकीर गल्लीतून, एकेक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) उचलून दुचाकीवर बांधून साइटवर नेत सुरुवात केली. तेव्हापासून मी जे बसवलं त्यातला बहुतेक माल चीनच्या शेन्झेनकडचा होता, खोक्यावर नाव कुणाचंही असो.

धोका खरा आहे. २ जानेवारी २०२४ ला रशियाने कीव्हवर मोठा क्षेपणास्त्र हल्ला केला. नंतर युक्रेनच्या एसबीयू या सुरक्षा यंत्रणेने जाहीर केलं की शहरातले दोन साधे कॅमेरे रशियाने हॅक केले होते. एक कुणाच्या तरी इमारतीच्या बाल्कनीतला, दुसरा एका निवासी संकुलात पार्किंगवर लक्ष ठेवणारा. बाल्कनीतल्या कॅमेऱ्याचा कोन बदलून त्याचं चित्रण थेट यूट्यूबवर सोडलं होतं, म्हणजे हवाई संरक्षण कुठून गोळे डागतंय ते बसल्या जागी दिसावं. युद्ध सुरू झाल्यापासून तोवर असे सुमारे १०,००० कॅमेरे बंद पाडावे लागले, असंही त्यांनी सांगितलं. ही बातमी वाचली त्या रात्री मी आमच्याच भागातल्या साइट्स डोळ्यांपुढे आणून बघितल्या. दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय (सीएमई), खडकीला दारूगोळा कारखाना, दिघीला डीआरडीओची संस्था, लोहगावला हवाई दलाचा तळ. या सगळ्यांच्या आजूबाजूला सहा-सात मजली इमारती आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच गच्च्यांवर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून कॅमेरे आहेत. टाकीच्या मागे काय दिसतं हे बसवताना आम्ही कधी पाहिलंच नाही.

आपल्याकडे हा विषय सरकारी पातळीवर नवा नाही. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री संजय धोत्रे (तेव्हा आपल्या अकोल्याचे खासदार) यांनी लोकसभेत सांगितलं होतं की सरकारी संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे दहा लाख कॅमेरे आहेत आणि चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. त्याच वर्षी हायकव्हिजन या जगातल्या सर्वांत मोठ्या चिनी कॅमेरा कंपनीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये अशी खोट सापडली की युजरनेम-पासवर्ड काहीही नसताना बाहेरचा माणूस पूर्ण कॅमेरा ताब्यात घेऊ शकत होता. कंपनीने सप्टेंबरमध्ये दुरुस्त फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं. खोट कुणाच्याही मालात निघते. चिनी कंपनीच्या बाबतीत प्रश्न त्यापुढचा आहे: २०१७ च्या त्यांच्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या प्रत्येक संस्थेने सरकारी गुप्तचर कामाला सहकार्य करायचं असतं. मालक कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात ते राहत नाही. म्हणून लष्करी हद्दीच्या आसपास, सरकारी कार्यालयात, वीज उपकेंद्रात हा माल नको, हे माझं ठाम मत आहे. गिऱ्हाईक तुटलं तरी.

आता दुसरी बाजू, आणि ती आमच्या पापांची आहे.

२०१३ पासून पाचेक वर्षं आमच्या सगळ्या साइट्सचा ॲडमिन पासवर्ड एकच होता. आमच्या फर्मची आद्याक्षरं, पुढे ॲट आणि १२३. दीडशेच्या आसपास साइट्स. कारण सोपं होतं: रात्री गिऱ्हाइकाचा फोन आला की कुठल्याही पोराने जाऊन डीव्हीआर उघडता आला पाहिजे. पासवर्ड मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असायचा. २०१८ मध्ये आमचा एक टेक्निशियन सोडून गेला. तीन-चार महिन्यांनी एका कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला, की त्यांच्या दुकानातलं लाइव्ह चित्र कुणीतरी चहाच्या टपरीवर मित्रांना मोबाइलवर दाखवत होतं. आधी मी त्यांनाच उलट सांगितलं, "मॅडम, असं होऊच शकत नाही." मग डीव्हीआरचा लॉग काढला. रात्री अकरा, साडेअकरा, पुन्हा अकरा, दर दोन-तीन दिवसांनी बाहेरून लॉगिन. आमच्याच पासवर्डने.

सगळ्या साइट्स फिरून पासवर्ड बदलायला तीन आठवडे गेले. चार गिऱ्हाइकं तुटली, आणि बरोबरच तुटली. त्यात चीनचा काडीचाही संबंध नव्हता. तो डीव्हीआर उद्या शंभर टक्के नाशिकला बनलेला असता तरी हेच झालं असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिला रुग्णांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूबवर टाकून टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं, ते तुम्ही वाचलं असेल. तिथेही पासवर्ड 'ॲडमिन१२३' असा होता, अशा बातम्या नंतर आल्या. वाचून मला घाम फुटला, कारण तो माझाच पासवर्ड होता, फक्त आद्याक्षरं वेगळी. आणि हे फक्त खाजगीपणाचं प्रकरण आहे असं समजू नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने फॅक्टरीतून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्या फौजेने वेबसाइट्सचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या एका अमेरिकी कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स तिकडे काही तास बसल्या. एखाद्याच्या गॅरेजमधला डीव्हीआर त्या हल्ल्यात सामील होता, आणि मालकाला पत्ताही नव्हता.

मग सरकारने काय केलं, तर एप्रिल २०२४ मध्ये नियम काढला: भारतात विकायचा सीसीटीव्ही कॅमेरा सुरक्षेच्या चाचण्यांतून पास झालाच पाहिजे. मुदत एकदा वाढली आणि ९ एप्रिल २०२५ पासून अंमलबजावणी सुरू झाली. चाचणी घेणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नावावरून बोलीभाषेत आम्ही याला 'एसटीक्यूसी' म्हणतो. कॅमेरा उघडून सर्किटवरचे छुपे पोर्ट बंद आहेत का, प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःची वेगळी डिजिटल किल्ली आहे का, भलतंच फर्मवेअर चढवता येतं का, हे लॅबमध्ये तपासतात. सोर्स कोड दाखवावा लागतो. मुख्य चिप कुठून आली तेही सांगावं लागतं. परदेशी कंपन्यांनी आणखी मुदत मागितली, सरकार बधलं नाही. मला खरेदीत कॅमेऱ्यामागे चार-पाचशे रुपये जास्त पडायला लागले आणि पहिले काही महिने मालच मिळेना. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शिव्या चालल्या होत्या. मीही दोन-चार घातल्या. तरी सांगतो, नियम चांगला आहे, आणि तो खोक्यावरचं नाव न बघता आतला माल तपासतो हे जास्त चांगलं आहे.

स्टिकरवर मात्र विश्वास ठेवू नका. एका देशी नावाचा कॅमेरा मी दोन वर्षांपूर्वी टेबलावर उघडला होता. बाहेर तिरंगी पट्टा, आत बोर्डावर चिनी अक्षरं, आणि फर्मवेअरच्या पानावर मूळ कंपनीचा लोगोसुद्धा कुणी पुसला नव्हता. भारतात त्यातलं काय बनलं होतं? प्लास्टिकचं कव्हर, चार स्क्रू आणि खोकं. सरकारी खरेदीत 'क्लास वन लोकल सप्लायर' व्हायला ५० टक्के स्थानिक मूल्य लागतं. दहा कोटींपर्यंतच्या खरेदीत ते किती आहे हे पुरवठादाराने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं असतं, त्यापुढे ऑडिटरचा दाखला लागतो. सही करायला पेन लागतं, कारखाना लागत नाही. एका संस्थेच्या टेंडरमध्ये मी खरा आकडा लिहिला आणि बाद झालो. ज्याला काम मिळालं त्याचा आणि माझा माल एकाच आयातदाराकडून येतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तक्रार करायची हिंमत झाली नाही, कारण पुढच्या टेंडरला पुन्हा त्याच ऑफिसच्या पायऱ्या चढायच्या होत्या. याचा मला आजही अभिमान वगैरे नाही.

आणि चिपचं काय? २०२० मध्ये अमेरिकेने हुआवे या चिनी कंपनीवर निर्बंध कडक केले आणि तिच्याच हायसिलिकॉन चिप्स अख्ख्या सीसीटीव्ही धंद्यात होत्या. वर्षभरात त्या बाजारातून गायब झाल्या. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचं, आणि भोसरीत माझ्या सात ऑर्डरी लटकल्या. दुसऱ्याच्या चिपवर उभं राहणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. आता तैवानच्या चिपवर चालणारा माल मिळतो. भारतीय चिपवर चालणारा कॅमेरा मी अजून बसवलेला नाही.

एक छोटी गोष्ट सांगतो, मग तुमच्या सोसायटीकडे वळू. आमच्या शेजारच्या गाळ्यात एक जण संरक्षण क्षेत्रातल्या एका पुरवठादारासाठी सुटे भाग मशीनिंग करतो. रात्रपाळीत पोरं झोपतात म्हणून त्याला मशीनवर कॅमेरा हवा होता, आणि तो साताऱ्याला गावी असताना मोबाइलवर दिसायला हवा होता. बसवला. टेस्टिंगला झूम केलं तर मशीनशेजारी टाचणीने लावलेलं ड्रॉइंग स्पष्ट वाचता येत होतं. मापं, टॉलरन्स, कोपऱ्यातला पार्ट नंबर, सगळं. मी त्याला स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, "अरे, हे कोण बघणारे?" शेवटी ड्रॉइंगचा बोर्ड कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर हलवला. काम पाच मिनिटांचं, खर्च शून्य. पुढे त्याच्या ग्राहकाकडून ऑडिटला माणूस आला, त्याने अग्निशामक सिलिंडरची तारीख बघितली, कॅमेऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तर तुमचे १६ कॅमेरे. आधी बघा की केबल कुठली आहे. कॅमेऱ्याच्या मागे गोल पिळायचा बीएनसी कनेक्टर असेल तर ते ॲनालॉग आहेत. त्या कॅमेऱ्याला आयपी पत्ताच (नेटवर्कवरचा पत्ता) नसतो, तो स्वतःहून इंटरनेटवर जाऊच शकत नाही. धोका असतो तो खालच्या मीटर रूममधल्या एका डब्यात, डीव्हीआरमध्ये. अशा वेळी १६ कॅमेरे काढायला लावणारा माणूस तुम्हाला १६ कॅमेरे विकतोय. डीव्हीआर जुना असेल आणि त्याचं फर्मवेअर येणं बंद झालं असेल तर तेवढा बदला. नेटवर्क केबलवाले आयपी कॅमेरे असतील तर गोष्ट वेगळी. मॉडेल नंबर काढा, कंपनीच्या साइटवर फर्मवेअरची शेवटची तारीख बघा. तीन-चार वर्षांत काही आलं नसेल तर ते कॅमेरे खरंच बदलायच्या लायकीचे आहेत, आणि नवे घेताना एसटीक्यूसीचा दाखला त्याच मॉडेलचा मागा. ब्रँडचा नको, मॉडेलचा.

राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट, कुणी करून ठेवलंय का, तेही विचारा. दहा वर्षांपूर्वी मोबाइलवर चित्र दाखवायला आम्ही सर्रास पोर्ट उघडून ठेवायचो आणि विसरायचो. ते बंद करा. सोसायटीला मोबाइलवर चित्र बघायची गरजच नसेल, वॉचमनच्या केबिनमधला टीव्ही पुरत असेल, तर डीव्हीआरची नेटची वायर काढून ठेवा. कुठलाही हॅकर, कुठल्याही देशाचा, मग त्याला हात लावू शकत नाही. पण हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, कारण वायर काढायचं बिल करता येत नाही. ॲडमिन पासवर्ड सेक्रेटरीकडे बंद पाकिटात ठेवा, एएमसीवाल्याला (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेणाऱ्याला) वेगळा लॉगिन द्या, आणि एएमसी बदलली की तो त्याच दिवशी काढून टाका.

त्या कोटेशनच्या शेवटी 'जुना माल बायबॅक' अशी ओळ असेलच, बहुधा आठ-दहा हजार वजा केलेले. डीव्हीआर त्याला खुशाल द्या, पण आतली हार्डडिस्क काढून घ्या. तुमच्या गेटवर कोण किती वाजता आलं-गेलं याचं महिनाभराचं चित्रण तिच्यात आहे, आणि असे जुने डबे शेवटी तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला डिस्कसकट विकले जातात. मी स्वतः तसे घेतलेत. एकात एका दवाखान्याचा वेटिंग रूम होता, पूर्ण आवाजासकट.