सिअ‍ॅटलला येतोयस ना, मग आडनावाचं सांगते

जयभीम. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीत नाव लागलं, अभिनंदन. वर्षाला ७५ जणांनाच मिळते ती, तेव्हा मान खाली घालून येऊ नकोस. तू विचारलंस, "ताई, मराठी मुलांसोबत रूम घेऊ का? आडनाव विचारलं तर काय सांगू? की तिकडे हे काही नसतं?"

असतं. गोऱ्या माणसाला आपल्या आडनावावरून काही कळत नाही, त्यामुळे सुरुवातीला फार मोकळं वाटतं. पण रूम, नोकरीसाठी शब्द टाकणारा माणूस, दिवाळीचं जेवण हे सगळं आपल्याच लोकांतून येतं, आणि चौकशी तिथेच सुरू होते. जात सरळ कोणी विचारत नाही. "नागपूर म्हणजे नागपुरात कुठे?" इंदोरा, म्हणजे आपली बौद्धांची वस्ती, म्हटलं की पुढचा प्रश्न, "घरी गणपती बसतो का?"

मी दोन वर्षं लपवलं. चौघी मराठी मुली एका घरात राहायचो. आईचा व्हिडिओ कॉल आला की तिच्या मागे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर दिसायची, भोवती दिव्यांची माळ. मी म्हणायचे, "आई, आत जाऊन बोल ना, इथे उजेड नाही." पुढे पुढे मी न सांगताच ती स्वयंपाकघरात जाऊन फोन उचलायला लागली. मागे नुसते स्टीलचे डबे. का, ते तिने कधीच विचारलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं, म्हणून तुला एवढं सविस्तर लिहितेय. आरक्षणाचा विषय निघाला की ताटात बघत बसायचं, १४ एप्रिलला फोटो टाकायचा नाही, यात माणूस थकतो रे.

२१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटलने जातिभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी मांडला होता. मी त्या दिवशी नगर परिषदेच्या सभेला गेले होते. तोवर मला जयभीम म्हणजे आपली वस्ती, आपली मराठी असंच वाटायचं. त्या दिवशी ते तेलुगू तोंडून ऐकलं, पंजाबी तोंडून ऐकलं. आपण इंदोऱ्यापुरते नाही, हे मला घरापासून इतक्या लांब येऊन कळलं. याच शहरात १९६८ साली ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची शाखा निघाली होती, आणि त्यांच्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत आपली दलित पँथर. इथले कृष्णवर्णीय वर्गमित्र तुला जात म्हणजे काय विचारतील. त्यांना नीट सांग. फार समजावावं लागत नाही.

कायदा मात्र सिअ‍ॅटल शहरापुरताच आहे. रेडमंड, बेलव्ह्यू ही वेगळी शहरं, आणि आपली निम्मी मंडळी तिकडेच नोकरी करतात. कॅलिफोर्नियात विधेयक मंजूर झालं होतं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून ते फेटाळलं. त्यामुळे काही खटकलं तर तारीख घालून लिहून ठेव, मेसेज पुसू नकोस.

आता रूम. मराठी मुलांसोबत खुशाल राहा, पण करारावर सही करण्याआधी, गप्पांच्या ओघात, आपण बौद्ध आहोत हे सांगून टाक. ज्याला अडचण असेल तो तेव्हाच गळेल. नंतर कळून वागणं बदललं तर भर थंडीत घर शोधायला लागतं, माझ्या ओळखीतल्या एकीला लागलं. मराठी मंडळातही जा. नाटक, पुरणपोळी, भाषा आपलीही आहे, ती कोणाला देऊन टाकायची नाही. मी दरवर्षी जाते, आणि आता पूर्ण नाव सांगून जाते.

बाबासाहेबांची तसबीर आणायची असेल तर काच काढून कपड्यांत गुंडाळून आण, फ्रेम इथे मिळते. सप्टेंबरअखेर पोचशील, म्हणजे १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, इथेच असशील. त्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे वंदना असते आणि खीर असते. बसचा नंबर नंतर कळवते.