दवाखान्याचा इलाज चालू असताना भूमकाकडे (आदिवासी गावातल्या पुजारी-वैद्याकडे) नेल्याने माणसाला खरंच काही फायदा होतो का?

होतो. माझ्या बाबांना झाला, आणि त्यावरून मोठा भाऊ चार वर्षं माझ्याशी धड बोललेला नाही.

आमचं गाव मेळघाटातल्या धारणी तालुक्यात. पावसाळ्यात बाबा खाली सतरंजीवर झोपले असताना मण्यार चावली. तिचं ना दुखणं, ना सूज. पहाटे बाबांच्या पापण्या उचलेनात, जीभ जड झाली, तेव्हा कळलं. भाऊने मोटरसायकलवर मधात बसवून नेलं. विषावरची लस, मग अमरावतीला व्हेंटिलेटर. जीव वाचला तो त्यानेच, यात वाद नाही.

पण घरी परतलेले बाबा वेगळेच होते. रात्रभर खाटेवर पाय वर घेऊन बसत, हातात टॉर्च. जेवण तुटलं, वावरात पाऊल नाही. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट नॉर्मल, आणि ते होतेच नॉर्मल. महिना गेला. मायने भूमकाचं नाव काढलं तर भाऊ (तो मास्तर आहे) ओरडला, "बाबाले सुईनं वाचवलं का तुमच्या कोंबड्यानं?"

तो शाळेत गेल्यावर मीच भूमकाला घेऊन आलो. त्यांनी सुपात दाणे मांडले आणि बाबांना विचारलं, तवा तुले काय वाटत होतं? हे आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. बाबा बोलू लागले ते तासभर. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं म्हणाले. मायचं रडणंही. मग मुठवा या गावदेवापुढे नारळ, कोंबडा झाला. अर्धं गाव जेवलं, बाबांनी स्वतः वाढलं. त्या रात्री टॉर्च उशाशी ठेवून ते झोपले.

भाऊ म्हणतो, दिवस गेले की आपोआप झालंच असतं. महिनाभर का नाही झालं मग?

साप चावल्यावर मात्र थेट दवाखाना. कितीदा दंशात विष उतरतच नाही, तो माणूस तसाही वाचतो आणि नाव मांत्रिकाचं होतं. मंत्र-गंड्यासाठी इलाजापासून अडवणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. लेकराचं पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याने डागतात, त्या डंब्याला मी उपचार म्हणत नाही. आणि भूमका येऊनही झोप लागली नाही तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडे न्या.

भाऊ, वाचत असशील तर बाबांना एकदा विचार. व्हेंटिलेटरजवळ उभा राहून तू त्यांच्या कानात काय बोलत होतास, ते त्यांना शब्दन् शब्द आठवतं.