आधी बिघाड ठरव

प्रिय मित्रा,

कारखान्यातलं मशीन चालवणारा कंट्रोलर तू बनवतोयस, त्याबद्दलचं तुझं लांबलचक पत्र वाचलं. प्रोसेसर कोणता घेऊ, इथरनेटचे पोर्ट एक की दोन, सोळाच इनपुट ठेवू की त्याच डबीत बत्तीस कोंबू, सगळं विचारलंस. कंट्रोलर आडवा झाला तर मशीन काय करेल, याबद्दल मात्र एक ओळ नाही. अरे, ते ठरलं की तुझे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

भट्टीचंच घे. तापमानाचा सिग्नल ० ते १० व्होल्टवर आणलास आणि तार तुटली, तर कंट्रोलरला बहुधा शून्य दिसणार. भट्टी गार पडली असं समजून तो हीटर पूर्ण जोरात लावणार. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही, तरी भट्टीचा निकाल लागला. ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलमध्ये मोजमापाचं शून्य ४ वर असतं, म्हणून ती पद्धत अजून टिकून आहे. तार तुटली की करंट शून्यावर येतो, म्हणून तो ३.६ च्या खाली गेला की बिघाड समजायचा. स्टॉपचं बटण नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे दाबेपर्यंत सर्किट जोडलेलं, का असतं, ते आता मी सांगायला नको.

आणि ‘बिघाड झाला की आउटपुट बंद’ असंही डोळे झाकून लिहू नकोस. चुंबकाच्या क्रेनने लोखंड उचललंय आणि तू आउटपुट बंद केलास, तर खाली कोण उभं आहे? थंड पाण्याचा पंप बंद व्हावा की चालू राहावा? हे प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये मिळणार नाही. मशीन चालवणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बस आणि विचार. आधी बिघाड ठरव.

वॉचडॉग, म्हणजे वेळेत रीसेट झाला नाही तर प्रोग्रॅम अडकला असं समजणारा टायमर, तू टायमर इंटरप्टमधून (ठरावीक वेळाने मुख्य काम थांबवून चालणाऱ्या कोडमधून) रीसेट करतोस, हे वाचून खरंच चिडलो. मुख्य लूप अडकून पडला तरी इंटरप्ट चालूच राहणार आणि वॉचडॉगला सगळं आलबेल वाटणार. मग तो लावलास कशाला? इनपुट वाचले, लॉजिक चाललं, आउटपुट लिहिले, एवढं वेळेत झालं तरच रीसेट कर. सर्व्हरला डेटा पाठवायचं काम त्या फेरीच्या, म्हणजे स्कॅनच्या, बाहेर ठेव. नेटवर्क मेलं तरी मशीनला पत्ता लागता कामा नये.

आता तुझ्या बत्तीस इनपुटांबद्दल. २४ व्होल्टला एक इनपुट ७ मिलिअँपिअर खात असेल, तर १६ इनपुटांची उष्णता २.७ वॅट. बत्तीसची त्याच्या दुप्पट, तीही पंखा नसलेल्या बंद डबीत. टाइप ३ चे (कमी करंटच्या प्रकारातले), करंट अडीच मिलिअँपिअरला अडवणारे इनपुट घेतलेस तर १६ चं काम एका वॅटमध्ये भागतं. कपॅसिटरचा हिशेबही करून बघ. १०५ अंशाला २,००० तासांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, दर १० अंश कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट. ६५ अंशाला ३२,००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास पावणेचार वर्षंसुद्धा नाहीत. कारखाना तुझ्याकडून पंधरा वर्षं मागतो. म्हणजे हा बिघाड तारखेसकट डिझाइनमध्ये लिहिलेला आहे, फक्त तू तो वाचलेला नाहीस.

मला मीटिंगमध्ये लोक ‘नन्नाचा पाढा’ म्हणत. माझ्यामुळे माल उशिरा बाजारात गेला, असं अजून म्हणतात. म्हणोत. या वादात एक जुना मित्र तुटला आणि पुन्हा जुळला नाही, याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. पण मुद्दा मी सोडला नाही, आजही सोडणार नाही. जे बोर्ड मी अडवून धरले, त्यांच्या तक्रारी माझ्या टेबलावर आल्या नाहीत. (त्या दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेल्या असतील तर मला माहीत नाही, हेही खरंच.)

तुझा हात चांगला आहे. लेआउट बघितला, ग्राउंड नीट सांभाळलंस, फील्डकडची, म्हणजे मशीनच्या तारांकडची, बाजू आयसोलेट केलीस (विजेने वेगळी ठेवलीस), मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या केबलजवळ हा बोर्ड टिकेल असं वाटतं. म्हणूनच इतकं बोलतोय.

आता सर्किट बाजूला ठेव आणि एक तक्ता कर. उभ्या रकान्यात प्रत्येक आउटपुट. आडवे रकाने असे: सप्लाय गेला, तार तुटली, शॉर्ट झाली, प्रोग्रॅम अडकला, नेटवर्क गेलं, आउटपुटचा ट्रान्झिस्टर चालू अवस्थेतच चिकटला. प्रत्येक चौकोनात मशीन काय करेल ते लिही आणि मला पाठव. ‘असं होणार नाही’ असं जिथे लिहिशील, तिथूनच बोलायला सुरुवात करू.