भिंत कुणाला किती?

प्रश्न : आम्ही उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाचे २१ जण. मेच्या शेवटी पणजीत आमचं तीन दिवसांचं प्रदर्शन आहे. सगळी मिळून भिंत १८ मीटर. प्रत्येकाला सारखीच जागा हवी, नाहीतर काही जण कामच देणार नाही म्हणतात. समन्वयक मी, त्यामुळे रोज भांडणं सोडवतेय. वाटप कसं करू?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : बाय, आधी भागाकार कर. १८ मीटरला २१ने भागलं की दरेकी जेमतेम ८५ सेंटीमीटर. ए१ आकाराचं पोस्टर उभं लावलं की त्यातले ५९ गेले. उरलेल्यात दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची. म्हणजे सारख्या वाटपात प्रत्येकाच्या पदरात एक पोस्टर! हा हिशेब सगळ्यांसमोर फळ्यावर मांड. आत्ता जो तो मनात अख्खी भिंत धरून बसलाय.

मग विचार, भिंत हवीच कुणाला? काजूच्या पाकिटाचं डिझाइन सपाट छापून टांगायचं कशाला? खरं पाकीट करा, टेबलावर ठेवा, लोकांना हातात घेऊ द्या. पुस्तकाचंही तेच. असे आठ जण टेबलावर आले की उरलेल्या तेरांना १३८ सेंटीमीटर मिळतात, आणि पोस्टरांची मालिका दिसायला लागते. टेबल म्हणजे दुय्यम असं वाटणाऱ्यांचं टेबल दारासमोर मांड.

आता चिकटवण्याचं. म्हापशात मी तीस वर्षं छापखाना चालवला, तरी पुतणीच्या प्रदर्शनात शहाणपणा करून डबल टेप मीच दिली होती. रात्री एसी बंद, मेची ओली हवा. सकाळी दार उघडलं तर अकरा पोस्टरं जमिनीवर, आणि पुतणी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. कागदी फोमबोर्डही दमटपणाने वाकतो. सनबोर्डवर (प्लॅस्टिकच्या फोमच्या फळीवर) चिकटवा, नायलॉनच्या दोरीने टांगा. लॅमिनेशन मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइटच दिसते. पोस्टराचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटीमीटरवर ठेवा, उंची काहीही असो. आधी जुनी वर्तमानपत्रं त्या मापात कापून मास्किंग टेपने लावून बघा. भांडायचं ते वर्तमानपत्रांवर भांडा.

छपाईला एकाच यंत्रावरून आधी नमुन्याची पट्टी काढा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा, पोपटी कागदावर मावळतो, आणि ते उद्घाटनाच्या आदल्या रात्री कळलं की रडू येतं. देवनागरी मजकूर असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आलेत का पाहा. फॉन्टमध्ये ती अक्षरं असूनही भाषा मराठी निवडली नाही तर हिंदी वळणाची उमटतात. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ तर पुष्कळदा मोडतो.

कामाशेजारच्या चिठ्ठीवर ‘ब्रँड आयडेंटिटी’ एवढंच लिहू नका. आया, मावश्या येणार. कुणासाठी केलं, आधी काय होतं, काय बदललं, हे तीन ओळींत लिहा, शेजारी कच्ची रेखाटनं लावा. नोकरी द्यायला आलेला माणूसही तीच आधी बघतो.

वेळ सकाळी दहा ते एक आणि चार ते आठ. दुपारी पणजी झोपते, तेव्हा तुम्हीही जेवून घ्या. मी दुसऱ्या दिवशी येईन. पहिल्या दिवशी समईपुढच्या गर्दीत काम कुठे दिसतं!